चाकांची चौकशी करू नये

घर या विषयावर आमच्या दाजींइतकं बोललेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही, हे मी कुठल्याही देवळात उभं राहून सांगायला तयार आहे. बांधकाम खात्यातले इंजिनिअर, गवंडी, वास्तुशास्त्रवाले आणि घरकुलाच्या यादीत नाव यावं म्हणून ग्रामपंचायतीत चकरा मारणारी माणसं, या सगळ्यांचं बोलणं तराजूच्या एका पारड्यात टाकलं आणि दुसऱ्यात दाजींचं एका दुपारचं बोलणं टाकलं, तर दाजींचं पारडं जमिनीला टेकेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. लातूरला औसा रोडवर, गाव संपतं तिथं त्यांचं आवार आहे. तिथं ते लोखंडी सांगाड्याला पत्र्याच्या, आत फोम भरलेल्या भिंती बसवून अख्खी घरं तयार करतात आणि ट्रेलरवर घालून गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन ठेवतात. कुणाचं शेतातलं घर, कुठल्या साखर कारखान्याच्या गेटवरची खोली, कुठल्या पेट्रोल पंपाचं ऑफिस. नांदेडपासून निलंग्यापर्यंत त्यांची घरं उभी आहेत. आणि इतक्या लोकांना घरात घालणाऱ्या या माणसाची सख्खी आई मात्र घरात झोपत नव्हती. दाजींना हे एकच दुःख होतं. बाकीची दुःखं त्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांना होती.

त्यांच्या बोलण्याचा मुख्य विषय म्हणजे तयार घर आणि चाकाचं घर यांतला फरक. लोक फोनवर परदेशातले व्हिडिओ बघतात. त्यात मोटारीच्या मागं जोडलेलं घर डोंगराडोंगरानं हिंडत असतं. ते बघून लोक आवारात येतात आणि दाजींच्या घराखाली वाकून बघतात. वाकलेला माणूस दिसला की दाजींच्या कपाळाची शीर उडायला लागते. "वर बघा, वर! खाली काय ठिवलंय?" इथपासून सुरुवात होते. मग खुर्ची दिली जाते, चहा सांगितला जातो, आणि गिऱ्हाइकाची दुपार गेली म्हणून समजावं. "चाकाचं घर म्हणजे गाडी," दाजी सांगतात. "गाडीत माणूस झोपला म्हणून तिचं घर होत न्हाई. मग एस्टीचा कंडक्टर दिवसभर घरीच असतो म्हणा की! तयार घराचं तसं न्हाई. ते नवरीवानी एकदाच प्रवास करतं. इथून निघालं, सासरी जाऊन बसलं, खलास. मग त्याला नळ येतो, लाईट येते, पत्ता येतो. चाकाच्या घराला पोस्टमननं कुठं गाठावं, सांगा बरं?" एका पेंटरनं स्वतःच्या हुशारीनं त्यांच्या पाटीवर 'मोबाइल होम' असं रंगवून ठेवलं होतं. दाजींनी त्याच दिवशी, त्याच पेंटरकडून, तो रंग ओला असतानाच पुसून घेतला आणि नवीन मजकूर स्वतः सांगितला. ती पाटी आजही आहे: 'येथे कारखान्यात तयार केलेली घरे मिळतील. चाकांची चौकशी करू नये.'

नवरीची उपमा त्यांनी नुसती बोलण्यापुरती ठेवली नव्हती. घर ट्रेलरवर चढलं की दाजी त्याच्या दाराला हळदकुंकू लावत, उंबऱ्यावर नारळ फोडत, आणि ट्रेलर फाटकातून बाहेर पडताना उपरण्यानं डोळे पुसत. मला आधी वाटायचं, वेल्डिंगच्या धुरानं होत असेल. पण देगलूरकडच्या एका शेतकऱ्याचं घर पोचवायला मी त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हा खात्री पटली. घर खाली उतरलं, चार कोपऱ्यांना काँक्रीटचे ठोकळे लागले, पाणसळ लावून झाली, तरी दाजींचा पाय निघेना. घरधनीण बिचारी आतून पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊ, आम्ही नीट सांभाळतो हो. काळजी नका करू." तेवढ्यात तिचे मालक ट्रॅक्टर घेऊन आले आणि घराभोवती फिरत विचारू लागले, "हूक कुठल्या बाजूनं हाय? पेरणी झाली की त्या वरच्या वावरात नेतो म्हणून राहिलो." दाजींचे डोळे एका क्षणात कोरडे झाले. त्या माणसाला बांधावर बसवून त्यांनी असं काही समजावलं की शेवटी तो हात जोडून म्हणाला, "साहेब, न्हाई नेत. वरचं वावरच विकून टाकतो."

आता माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण दाजींचे उपकार त्याशिवाय कळणार नाहीत. आमचं गाव मुखेड तालुक्यात. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. बी.ए.साठी मी लातूरला आलो, तेव्हा अक्काच्या दोन खोल्यांत सहा माणसं होती. दाजी म्हणाले, "मेव्हणे, नमुन्याच्या घरात राहा." नमुन्याचं घर म्हणजे आवाराच्या तोंडाशी गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं घर. पंखा, खिडकी, टेबल, दिवा, सगळं होतं. एवढी चांगली खोली मी आयुष्यात पाहिली नव्हती. फक्त तिचं दार दिवसातून चार-पाच वेळा न ठोठावता उघडायचं आणि दाजी दहा माणसं घेऊन आत यायचे. "हे टेबल. हा पंखा. हे आमचे मेव्हणे, अभ्यास करायलेत. आता बघा." असं म्हणून ते बाहेरून भिंतीवर दणादण बुक्क्या मारायचे आणि विचारायचे, "मेव्हणे, अक्षर हललं का?" मी वहीतून मान वर करून म्हणायचो, "न्हाई हललं." गिऱ्हाइकं माना डोलवायची. तीन वर्षं मी त्या घराची हमी म्हणून बसलो होतो. एकदा उदगीरचे एक व्यापारी सगळं घर बघून झाल्यावर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हे बी घरासंगं येतंय का?" पदवीचा निकाल लागला तेव्हा दाजींनी पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं की हा मुलगा पास झाला, कारण आमच्या फोममधून आवाज आत जात नाही. आवाज चांगला आत यायचा. पण मी कधी बोललो नाही. माझ्या प्रमाणपत्रावर कॉलेजचं नाव आहे. खरं तर खाली बारीक अक्षरात त्या खोलीचंही असायला हवं होतं.

चाकाच्या घराशी दाजींची समोरासमोर गाठ पडली ती माहूरला. आम्ही रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो होतो. दाजींनी नवा पांढरा शर्ट घातला होता. गडाच्या पायथ्याशी खेळण्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांपलीकडं एक भलीमोठी गाडी उभी होती. तिला खिडक्या, खिडक्यांना पडदे, आणि टपावर वाळत घातलेला टॉवेल. एक निवृत्त साहेब आणि त्यांच्या बाई त्यात राहून देवस्थानं करत हिंडत होते. अक्का "अवो, आधी दर्शन," म्हणेपर्यंत दाजी पाठीवर झोपून गाडीखाली शिरलेसुद्धा. वरून बाईंना फक्त दोन पाय दिसले. त्या "चोर, चोर" ओरडल्या. चार दुकानदार धावून आले. गाडीखालून दाजींचा शांत आवाज आला, "घाबरू नका ताई, मी फकस्त चाकं मोजायलोय." मग ते बाहेर आले. शर्टाला ग्रीसचे पट्टे होते. साहेबांपुढं उभं राहून त्यांनी निकाल दिला, "सहा हायेत. साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण ही गाडी हाय. तुम्ही दोघं बेघर हाव." साहेब मोठ्या मनाचे होते, पोट धरून हसले. बाईंनी आत बसून चहा घ्या म्हटलं, तर दाजी आत जाईनात. "गाडीत आपण तिकीट घेतो, चहा न्हाई," म्हणाले आणि बाहेर उन्हात उभे राहून दोन कप प्यायले.

एवढी चीड चाकांवर का, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. कळलं ते त्यांच्या आईला, अव्वाला, भेटल्यावर. अव्वा किल्लारीजवळच्या गावात राहायची. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा दाजी दहा वर्षांचे होते. उडदाची पोती भरलेली बैलगाडी अंगणात उभी होती. सकाळी बाजारला जायचं म्हणून अव्वा दाजींना घेऊन राखणीला गाडीवरच झोपली होती. घराच्या भिंती दगडमातीच्या आणि वर हातभर मातीचं माळवद. घरात झोपलेलं कुणी परत उठलं नाही. त्यात दाजींचे वडील होते. गाडी मात्र अंगणभर हिंदकळली, चार हात मागं सरकली आणि उभी राहिली. या विषयावर अव्वा एकच वाक्य बोलायची, "गाडी हलली, पर अंगावर आली न्हाई." पुढं गाव नव्या जागेवर वसलं, काँक्रीटचं पक्कं घर मिळालं. अव्वा त्यात स्वयंपाक करायची, धान्य ठेवायची, देव ठेवायची. झोपायला मात्र बाहेर. उन्हाळ्यात अंगणात, आणि पावसाळ्यात ताडपत्री घातलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. तीस वर्षं.

म्हणजे दाजींचा सगळा धंदा, सगळं बोलणं, एका म्हातारीसाठी होतं. अंगावर पडली तरी मारणार नाही अशी भिंत त्यांनी शोधून काढली ती तिच्यासाठी. ते गावी गेले की भिंतीचा एक तुकडा बरोबर न्यायचे आणि स्वतःच्या डोक्यावर आपटून दाखवायचे. "बघ अव्वा, उशीएवढं बी लागत न्हाई." अव्वा म्हणायची, "तुझं डोस्कं पहिल्यापासूनच टणक हाय." शेवटी त्यांनी तिच्यासाठी एक खास घर केलं. दोन खिडक्या, कमी उंचीची पायरी, धरायला कठडा, भिंतीत देवळी. ट्रेलर गावात आला तेव्हा गल्ली जमली. घर अंगणात उतरलं. अव्वानं चारी बाजूंनी फिरून बघितलं, कमरेवर हात ठेवून खाली वाकली आणि विचारलं, "चाकं कुठायत?"

ज्या प्रश्नासाठी दाजींनी पाटी लावली होती, तो प्रश्न आईनं विचारला. दाजी पायरीवर बसले आणि त्यांनी फरक सांगायला सुरुवात केली. पहिल्यापासून. कंडक्टर झाला, नवरी झाली, पोस्टमन झाला. अव्वानं सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा भाजी निवडली, आणि शेवटी म्हणाली, "बेस सांगतोस रे लेका. चाक लाव, मग झोपते." दाजी म्हणाले, "मी जन्मात घराला चाक लावणार न्हाई." अव्वा म्हणाली, "मग मी हाय तिथं बरी हाय." दोघंही एकाच मातीचे. वर्षभर ते घर अंगणात रिकामं उभं राहिलं. त्यात शेजारच्या कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मग पावसाळ्यात एकदा ट्रॉलीतून उतरताना अव्वाचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. अक्का एरवी मोठ्यानं बोलत नाही, पण दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत म्हणाली, "अवो, तुम्हाला आई पाहिजे का फरक पाहिजे, ते एकदा ठरवा."

आठ दिवसांनी दाजींनी आवाराचं फाटक लावून घेतलं, भंगारातून जुन्या ट्रॉलीचे दोन आस आणि चार टायर आणले आणि गावी जाऊन ते घराखाली वेल्डिंग केले. एका हातानं डोळ्यांवर काच धरलेली, दुसऱ्या हातात वेल्डिंगचा दांडा, आणि चेहरा असा की जणू पोटची पोरगी पळून चालली आहे. पण त्यातही त्यांनी एक चलाखी केली. घर होतं तसं काँक्रीटच्या ठोकळ्यांवरच ठेवलं. चाकं नुसती खाली लटकत होती, जमिनीपासून चार बोटं वर. गवत वाढलेलं होतं म्हणून ते दिसत नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेव्हणे, ध्यानात ठिवा. भार ठोकळ्यावर हाय. म्हणजे कायद्यानं हे तयार घरच. चाकं फकस्त शोभेची." हा कुठला कायदा, हे मी विचारलं नाही.

घरात जायच्या दिवशी गावातले स्वामी पूजेला आले. त्यांनी चाकं बघितली आणि पिशवी खाली ठेवून विचारलं, "वास्तुशांती करायची का गाडीची पूजा?" दाजी आणि अव्वा एकदमच बोलले. दाजी म्हणाले वास्तुशांती, अव्वा म्हणाली गाडीची. स्वामींनी विचार करून दोन्हींचं सामान काढलं. वास्तूचं सगळं यथासांग झालं. मग अव्वानं पदराखालून चार लिंबं काढली आणि स्वतःच्या हातानं, एका हाताला प्लास्टर असताना, चारी चाकांखाली एकेक ठेवलं. नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू फुटल्याशिवाय तिच्यात बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अव्वा मागं सरकली आणि म्हणाली, "हं. फुटू द्या." स्वामी खाकरले. "अव्वा, घर कसं पुढं जाईल?" अव्वा हळूच खाली बसली, मग कुशीवर आडवी झाली आणि गवत बाजूला सारून तिनं घराखाली बघितलं. माहूरच्या गाडीखालच्या त्या दोन पायांची आठवण मला त्या क्षणी झाली. ही सवय कुठून आली, ते कळलं.

"लिंबू गुमान बसलंय," अव्वा खालूनच म्हणाली. "वर हवा हाय."

मग ती उठली, लुगडं झटकलं आणि जाऊन आपल्या ट्रॉलीच्या कडेला बसली. दाजी पुढं गेले. "अव्वा, घर पक्कं बसावं म्हणून तसं..." अव्वा रागावली नाही. इतक्या हळू बोलली की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल. "आपलं जुनं घर बी पक्कंच होतं की रे."

दाजी बोलणं अर्धंच टाकून टेम्पोपाशी गेले आणि जॅक घेऊन आले. एक कोपरा उचलला, ठोकळा काढला, हळूहळू खाली सोडला. पच्च आवाज आला. दुसरा कोपरा, दुसरं लिंबू. तिसरं. गल्लीतली माणसं मोजायला लागली होती. चौथं काही फुटेना. ते चाकाच्या पुढं घरंगळून गेलं होतं. "आता?" स्वामी म्हणाले. अव्वा म्हणाली, "ढकला की! माणसं काय बघायला आलीत?" मग पंधरा-वीस जणांनी त्या घराला खांदा लावला. मी होतो, स्वामी होते, अक्का पदर खोचून होती, आणि मधोमध दाजी, तयार घर एकदाच प्रवास करतं असं आयुष्यभर सांगणारे, भिंतीला गाल टेकवून सगळ्यांत जोर लावत होते. घर कुरकुरलं. हातभर पुढं सरकलं. चौथं लिंबू फुटलं. लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की आतल्या कोंबड्या खिडकीतून बाहेर उडाल्या. अव्वानं स्वतः एक दगड आणून बैलगाडीला लावतात तसा चाकामागं लावला, पाय धुतले आणि आत गेली.

दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं आणि ती आतल्या खाटेवर कलंडली. दाजी पायरीवर बसले. कुणी मोठ्यानं बोललं की ओठांवर बोट ठेवायचे. कोंबडा आला तर त्याला उचलून दूर नेऊन सोडला. आतून घोरण्याचा आवाज यायला लागला. दोन तास दाजी एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या तोंडून एवढा वेळ काही न ऐकण्याची आम्हाला सवय नव्हती.

त्यानंतर अव्वा रोज त्याच घरात झोपली. फोन केला की बाकी काही विचारायची नाही, "चाकात हवा हाय ना?" एवढंच. दाजी दर आठवड्याला लातूरहून जाऊन हवा भरून यायचे. टायर जुने, बसायचेच. दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी अव्वा उठली नाही. घरात, खाटेवर, झोपेतच गेली.

मी आता उदगीरला एका शाळेत शिकवतो. परवा सुट्टीत दाजींबरोबर अव्वाच्या गावी गेलो होतो. घर अंगणात तसंच आहे, चाकांवर, आणि चाकामागं अव्वानं लावलेला दगड. मला वाटलं होतं, आता तरी दाजी ठोकळे परत बसवतील. रस्त्यानं जाणारा एक तरुण शेतकरी थांबला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "मामा, असंच एक मला पाहिजे. हे तयार घर का चाकाचं?"

मी खुर्ची आणायला उठलो. आता दुपार जाणार हे मला माहीत होतं. पण दाजी घराजवळ गेले, उकिडवे बसले आणि मागचं डावं चाक अंगठ्यानं दाबून बघत राहिले.

"बसायलंय जरा," ते म्हणाले. "मेव्हणे, तेवढा पंप आणा."